हशील कोणी छापायचं?

दिवाळी अंकाचा गठ्ठा घेऊन खामगावच्या किंवा चिखलीच्या पोस्टात गेलं, की वजनकाट्याआधी एक प्रश्न उभा राहतो: हे पुस्तक, की नियतकालिक? १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’मध्ये ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंतचा गठ्ठा १०० रुपयांत जातो, कर वेगळा. सवलत आहे ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांना. ठरावीक मुदतीने निघणारी आणि जाहिराती छापणारी प्रकाशनं तिच्यात बसत नाहीत. सराफी पेढ्यांच्या आणि पतसंस्थांच्या जाहिरातींवर उभा राहणारा दिवाळी अंक मग कितीही सांस्कृतिक असो, नियमाच्या बाहेरच. स्वस्त पुस्तक-टपालाची आधीची सोय, म्हणजे रजिस्टर्ड बुक पोस्ट, १८ डिसेंबर २०२४ ला अचानक बंद झाली होती. तेव्हा छोट्या प्रकाशकांनी केलेली ओरड रास्त होती.

म्हणजे टपालाचं हशील हा नुसत्या ग्रॅमांचा हिशेब नाही. आत काय आहे, ते कुठल्या वर्गात बसतं, हे कोणीतरी पाहून ठरवतं आणि मग आकडा निघतो. ते पाहणारा माणूस खिडकीमागे बसतो. त्याला वगळून ग्राहकाने घरच्या प्रिंटरवर हशील छापून घ्यावं, ही कल्पना अमेरिकेत पंचविसेक वर्षं रुळलेली आहे. आपल्याकडे मात्र ती दारात येऊन थबकली आहे.

अमेरिकी टपाल खात्याने ऑगस्ट १९९९ मध्ये दोन कंपन्यांना परवानगी दिली: ई-स्टॅम्प आणि स्टॅम्प्स डॉट कॉम. त्यांच्यातला फरक मजेदार होता. ई-स्टॅम्पने पैसे ग्राहकाच्या घरातच ठेवले. संगणकाला जोडायची एक छोटी डबी असे, तिला ते तिजोरी म्हणत. हशिलाची शिल्लक तिच्यात. स्टॅम्प्स डॉट कॉमने तिजोरी आपल्या सर्व्हरवर ठेवली आणि ग्राहकाला नुसतं छापण्याचं काम दिलं. त्या दोघांवरही पिटनी बोज या फ्रँकिंग यंत्रांच्या जुन्या सम्राटाने पेटंटचे दावे ठोकले. डबीवाली कंपनी फार टिकली नाही, तिचं नाव आणि पेटंटं २००१ मध्ये प्रतिस्पर्ध्यानेच विकत घेतली. आज तिथे घरी छापलेलं हशील बऱ्याच प्रकारांत खिडकीवरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं.

भारतात तिजोरी नाशिकला आहे. १८५४ ची पहिली अखिल भारतीय तिकिटं कलकत्त्यात शिळाछापावर निघाली, पुढची सत्तर वर्षं लंडनच्या डे ला रू कंपनीने छापली आणि १९२५ मध्ये नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिल्यावर काम तिकडे आलं. तिकीट म्हणजे बेअरर चलन, ज्याच्या हाती त्याचं. म्हणून त्याचा कागद, त्याची शाई, त्याचं यंत्र सगळं कुलपात. हे कुलूप ढिलं पडलं तर काय होतं ते तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं, तिथे टपाल तिकिटांऐवजी मुद्रांक होते एवढाच फरक. बँका आणि विमा कंपन्यांना फ्रँकिंग यंत्राचा परवाना मिळे. पण यंत्रात रक्कम भरून घ्यायला पूर्वी पोस्टात जावं लागे, आणि छाप उमटलेलं टपाल नेमून दिलेल्या पोस्टातच द्यायचं. आता रक्कम दुरून भरता येते, बाकी बेडी तशीच आहे.

या कडक शिस्तीला एकदा मोठं भगदाड पडलं, आणि ते सरकारनेच पाडलं.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. खर्चासाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा अधिभार बसवला. पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं वगळून प्रत्येक टपालावर पाच पैशांचं वेगळं तिकीट लावणं सक्तीचं झालं. त्यासाठी कुटुंबनियोजनाचं चित्र असलेलं चालू पाच पैशांचं तिकीट घेऊन त्यावर ‘शरणार्थी सहायता’ आणि ‘रेफ्युजी रिलीफ’ असं नाशिकला छापायचं ठरलं. पण देशभरातल्या पोस्टांत हा माल ठरलेल्या तारखेला पोचणं शक्य नव्हतं. मग हुकूम निघाला: नाशिकचा माल येईपर्यंत स्थानिक पोस्टमास्तरांनी आपल्या पातळीवर छाप मारून घ्यावेत.

पुढे जे झालं ते टपालाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. बंगलोर, जयपूर, दिल्ली, गोवा इथे छापखान्यांतून खिळे जुळवून छाप उमटवले गेले. बाकी असंख्य ठिकाणी रबरी शिक्का किंवा धातूचा ठसा करून घेतला गेला. कुठे नुसतं इंग्रजी, कुठे इंग्रजी-हिंदी, कुठे प्रादेशिक भाषा. अक्षरं वाकडी, शाई निळी, जांभळी, काळी, जी हाताला लागेल ती. आणि काही ठिकाणी तर पेनानेच लिहून काम भागवलं! ज्या खात्यात एक तिकीट कमी भरलं तरी हिशेब द्यावा लागे, तिथे खिडकीमागच्या माणसाचं हस्ताक्षर सरकारी मुद्रण ठरलं. नागरिकाने छापलेलं हशील आजही नको असणाऱ्या खात्याने तेव्हा आपल्या साध्या कर्मचाऱ्यावर एवढा विश्वास टाकला, हे विसरण्यासारखं नाही.

१ डिसेंबरला खास निर्वासित कुटुंबाचं चित्र असलेलं तिकीट आलं आणि दोन दिवसांनी पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं. अधिभार मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत राहिला, म्हणजे बांगलादेश स्वतंत्र होऊन निर्वासित परतू लागल्यावरही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात त्याचा भार कोणावर पडला असेल ते ताडता येतं. खेड्यापाड्यातली खुशाली पोस्टकार्डावर चाले आणि कार्डाला माफी होती. बंद पाकीट असे व्यापाऱ्याचं, वकिलाचं. जलंब-खामगाव हा रेल्वेफाटा १८७० मध्ये ज्या कापसासाठी लॉर्ड मेयोच्या हस्ते उघडला, त्याच कापसाच्या पेढ्यांवरून निघणारी पाकिटं पाच पैशांनी जड झाली असणार. घरच्या जुन्या दप्तरात १९७२ चं पाकीट सापडलं तर कोपऱ्यातलं ते दुसरं तिकीट जरूर पाहावं. पण हाती आलेला रबरी शिक्क्याचा प्रत्येक नमुना अस्सल धरू नये. कोणीही करू शकेल असा छाप असल्याने नकली नमुन्यांचं पीक आलं, आणि नामांकित कॅटलॉगने शेवटी छापखान्यात खिळे जुळवून काढलेले छापच तेवढे यादीत घेतले. हाताने केलेलं सारं बाहेर राहिलं. संग्राहकांचा हा निर्णय सोयीचा आहे, न्याय्य नाही.

अधिभार चालू असतानाच, १५ ऑगस्ट १९७२ ला, पिन कोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, टपाल खात्यातले अधिकारी आणि शिवाय संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे. त्यांच्या आकड्यांनी बुलढाणा जिल्ह्याची गंमत केली आहे. बुलढाणा ४४३००१, मलकापूर ४४३१०१. पण शेगाव ४४४२०३ आणि खामगाव ४४४३०३. जिल्हा एक, टपालाच्या नकाशात दोन तुकडे. रेल्वे आणि छाननीची सोय पाहून आखलेल्या रेषेला जिल्हाधिकाऱ्याची हद्द ठाऊक नसते. घरी लेबल छापायचं तर हे सहा आकडे पाठवणाऱ्यानेच बिनचूक घालायचे; खिडकीवर निदान चुकलेला आकडा पाहून कोणी टोकतं.

अर्थात खिडकी म्हणजे चुकांपासून अभय, असंही नाही. २०११ मध्ये आलेल्या ‘माय स्टॅम्प’ योजनेत ३०० रुपये आणि ओळखपत्र दिलं की पाच रुपयांच्या बारा तिकिटांच्या पानावर आपला फोटो छापून मिळतो. छपाई पोस्टाच्या ताब्यात, तपासणी पोस्टाची. तरी डिसेंबर २०२० मध्ये कानपूरच्या मुख्य पोस्टातून छोटा राजन आणि मुन्ना बजरंगी यांच्या फोटोंची पानं रीतसर छापून बाहेर पडली. ६०० रुपयांत दोन गुंड तिकिटावर! एक कर्मचारी निलंबित झाला. घरचा प्रिंटर याहून मोठा अनर्थ काय करणार?

आणि खरं म्हणजे खिडकीवरचं तिकीटही केव्हाच मागे पडलंय. स्पीड पोस्टाला तिथला कर्मचारी बारकोडची चिठ्ठी छापून चिकटवतो. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाल्याने जिभेने ओलं करायचं तिकीट आणखी आक्रसलं. छपाई नाशिकहून थेट बुलढाण्याच्या टेबलावर आलीच आहे. तिथून ग्राहकाच्या घरापर्यंतचं अंतर फार नाही, आणि एका गटासाठी ते पोस्टाने स्वतःच ओलांडलंय. डिसेंबर २०२२ पासून सुरू झालेल्या डाकघर निर्यात केंद्रांच्या व्यवस्थेत परदेशी माल धाडणारा छोटा उद्योजक निर्यातीचं टपाल-बिल घरबसल्या ऑनलाइन भरतो, लेबल छापतो आणि पार्सल पोस्टात नेऊन देतो. अशी हजारावर केंद्रं देशात आहेत.

मेहकरहून नाशिकला किंवा देऊळगाव राजाहून पुण्याला महिन्यात वीस पार्सलं धाडणाऱ्या बाईला मग वेगळा न्याय का? ऑक्टोबर २०२५ च्या स्पीड पोस्ट दरांत विद्यार्थ्यांना १० टक्के आणि नव्या घाऊक ग्राहकांना ५ टक्के सूट आहे. पत्ता, पिन, लेबल सगळं घरून तयार करून आणणाऱ्या, म्हणजे खिडकीवरची पाच-सात मिनिटं वाचवणाऱ्या एकट्या ग्राहकासाठी त्यात काही नाही. त्यालाही तीन-चार टक्के द्यायला हरकत नसावी. वजन खिडकीवरच व्हावं, पुस्तक की नियतकालिक हेही तिथेच ठरावं. घरी छापलेल्या आकड्यात आणि काट्यात फरक निघाला तर तो उभ्या उभ्या भरून घ्यावा. आणि तरीही कोणी चुकवलंच, तर कमी पडलेल्या हशिलाच्या दुप्पट वसूल करण्याचा जुना रिवाज पोस्टाला नवा नाही.