शटल: सोलापूरच्या मागावरून थेट अंतराळात

सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठेत किंवा भद्रावती पेठेत, ‘शटल’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे रॅकेट येत नाही आणि रॉकेटही येत नाही. तिथं शटल म्हणजे मागावरचा धोटा. जवळजवळ हातभर लांब, कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना धातूच्या अणकुच्या. मधल्या खोबणीत सुताची कांडी आणि बाजूला सूत बाहेर पडायला बारीकसं भोक. ताण्याचे धागे वर-खाली फाकले की हा धोटा त्यांच्यामधून सुसाट पलीकडे जातो आणि मागे बाण्याचा एक धागा टाकून जातो. धाग्यांनी जागा बदलल्या की पुन्हा अलीकडे. साध्या यंत्रमागावर हा खेळ मिनिटाला शंभराहून जास्त वेळा चालतो. ‘खट्टाक-खट्टाक’ हा जो आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो, त्यात मोठा वाटा धोट्याला बसणाऱ्या फटक्याचा.

या तीन अक्षरी शब्दाने जगभर जेवढी भटकंती केली, तेवढी क्वचितच एखाद्या अवजाराच्या नावाने केली असेल.

आधी तो बाण होता

जुन्या इंग्रजीत या शब्दाचं रूप होतं ‘श्युटेल’ आणि अर्थ होता फेकून मारायचा बाण किंवा भाला. फेकणं, सोडणं, झपकन सरकवणं या अर्थाच्या मुळातून तो आला. इंग्रजीतले ‘शूट’ आणि ‘शॉट’ त्याच घरचे. दार लावणं या अर्थाचा ‘शट’सुद्धा त्यांचाच भाऊबंद, कारण दार बंद करायचं तर अडसर सरकवावा लागतो. आणि सोलापूरकरांनी कान टवकारावेत अशी गोष्ट पुढेच आहे. भाषेचे अभ्यासक ‘शीट’ हा शब्दही याच मुळाशी नेऊन जोडतात. शीट म्हणजे चादर! विणणारं शटल आणि विणली जाणारी चादर, दोघांचं कूळ एकच.

कुणाला बाण दिसला, कुणाला होडी

इंग्रजांनी धोट्याचा वेग पाहिला, इतरांनी आकार. फ्रेंचमध्ये धोट्याला ‘नाव्हेत’ म्हणतात, म्हणजे छोटी नौका; आपल्या ‘नाव’ शब्दाचं ते दूरचं नातलग. जर्मन लोकही त्याला ‘छोटं जहाज’च म्हणतात. संस्कृतात धोट्याला ‘तसर’ हा फार जुना, वैदिक काळापासूनचा शब्द आहे. टसर रेशमाचं नाव त्यावरूनच आलं, असं कोश सांगतात.

सोलापुरात तर एकाच वस्तूला चार नावं सहज भेटतात. मराठी माणूस धोटा म्हणेल. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरातली वडीलधारी मंडळी तेलुगूत ‘नाडे’ म्हणतील, कन्नड बोलणारा ‘लाळी’ म्हणेल आणि मागावर उभा असलेला कामगार सरळ ‘शटल’.

धावता धोटा

१७३३ पर्यंत विणकर धोटा हाताने या बाजूकडून त्या बाजूला टाकत असे. त्यामुळे कापडाचा पन्हा हात पुरेल तेवढाच. जास्त रुंद कापड हवं तर मागावर दोन माणसं बसवावी लागत. त्या वर्षी इंग्लंडच्या जॉन केने दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा बनवला आणि एकच माणूस रुंद कापड विणू लागला. विणकाम इतकं भराभर होऊ लागलं की सूत पुरेना. ती टंचाई पुढे सूतकताईची यंत्रं निघण्याचं एक मोठं कारण ठरली. जॉन केला मात्र पैसा मिळाला नाही. कारखानदारांनी त्याची रॉयल्टी बुडवली, विणकरांना पोटावर पाय येण्याची धास्ती वाटली आणि तो अखेर फ्रान्सला निघून गेला.

मराठीत हाच धोटा कादंबरीच्या नावात जाऊन बसला. गिरणी कामगारांच्या जगावर लिहिलेल्या कादंबरीला मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ हे नाव दिलं. मला विचाराल तर केच्या धोट्याच्या ‘उडतं शटल’ या इंग्रजी नावापेक्षा हे नाव सरस आहे.

शटलचं चुंबन

नाव गोड, प्रकार भयंकर. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत नवी कांडी भरली की सूत त्या बारीक भोकातून बाहेर काढण्यासाठी कामगार भोकाला तोंड लावून ते ओढून घेत. तेच शटल आज एकीच्या तोंडाला, उद्या दुसरीच्या. सुताचा कचरा पोटात जाई आणि क्षयासारखे रोग पसरण्याची भीती असे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये ही पद्धत बंद केली. ब्रिटनमध्ये त्यासाठी नियम यायला १९५२ उजाडलं.

पिसांचं शटल

बॅडमिंटनचं शटल हे ‘शटलकॉक’चं लघुरूप. धोट्यासारखं इकडून तिकडे जातं म्हणून शटल, पिसं लावलेली म्हणून कॉक, म्हणजे कोंबडा. त्यात १६ पिसं असतात आणि वजन जेमतेम पाच ग्रॅमच्या आसपास. या खेळाला इंग्रज अधिकारी एके काळी ‘पूना’ म्हणत, कारण पुण्याच्या छावणीत तो जोरात खेळला जाई. इंग्लंडमध्ये बाथ बॅडमिंटन क्लबने नियम लिहून काढले ते १८७७ मध्ये. सोलापुरातली पहिली कापड गिरणी, आपली ‘जुनी मिल’, सुरू झाली तीही १८७७ मध्येच. दोन्ही शटलं एकाच वर्षी मार्गी लागली!

पुढे सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये मलायात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. असं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. आणि २०२३ मध्ये आंध्रच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशने शटल ताशी ५६५ किलोमीटर वेगाने सुटल्याची गिनीज बुकात नोंद झाली. इतक्या वेगाने कुठलाही धोटा पळत नाही.

टेलर, गार्ड आणि मुत्सद्दी

सोलापूर आता शाळेच्या गणवेशांसाठीही ओळखलं जातं आणि तिथल्या शिलाई मशिनांतही शटल आहे. वरच्या दोऱ्याच्या फासातून खालचा दोरा नेणारा भाग तो. सुरुवातीच्या मशिनांत तो खरोखरच होडीच्या आकाराचा होता आणि पुढे-मागे धावायचा. आता तो गोल फिरतो, नाव मात्र तेच राहिलं.

दोन ठिकाणांमध्ये येरझाऱ्या घालणारी गाडी म्हणजे शटल. सोलापूर मार्गावरच्या प्रवाशांना पुणे-दौंड शटल ठाऊक असेलच. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर जेरुसलेम, कैरो, दमास्कस असे विमानाने फिरत राहिले आणि वर्तमानपत्रांना ‘शटल डिप्लोमसी’ हा शब्द मिळाला. दोन वेगळ्या जातींच्या पेशींत टिकून राहणाऱ्या डीएनएच्या वाहकाला जीवशास्त्रज्ञ ‘शटल व्हेक्टर’ म्हणतात.

आणि अंतराळ. आधीची यानं एकदाच वापरायची असत. पुन्हा पुन्हा वर जाऊन परत येणारं यान नासाने बनवलं, तेव्हा नावासाठी विणकराच्या मागापर्यंत जावं लागलं. १२ एप्रिल १९८१ रोजी ‘कोलंबिया’ने पहिली झेप घेतली. जुलै २०११ पर्यंत सगळ्या शटल यानांच्या मिळून १३५ मोहिमा झाल्या. अंतराळवीर कल्पना चावला दोन्ही वेळा, १९९७ मध्ये आणि २००३ च्या त्या दुर्दैवी मोहिमेत, ‘कोलंबिया’तूनच गेल्या. फ्रेंच लोक या यानालाही ‘नाव्हेत’च म्हणतात, अंतराळातली नाव्हेत.

आणि मूळ शटल?

ते मात्र मागावरून उतरू लागलं आहे. रेपिअर मागावर बाण्याचा धागा धातूची पट्टी ओढून नेते, धोट्याची गरजच उरत नाही. काम जलद, आवाज कमी, म्हणून कारखानदार तिकडे वळतात आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या नव्या यंत्रांना बाजारात ‘शटललेस लूम’ म्हणतात.

तरी सोलापुरात धोट्याचे माग अजून चालू आहेत. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. ते कसे विणले जातात हे पोरांना दाखवायला हवं. सिद्धेश्वराच्या दर्शनाला सोलापुरात आलात तर तासभर काढून पूर्व भागात जा, कारखानदाराला विचारून आत शिरा आणि बंद मागावरचा धोटा हातात घेऊन पाहा. माग चालू असेल तेव्हा मात्र बाजूच्या टोकांशी उभे राहू नका. शटल कधी कधी मागाबाहेर उडतं आणि त्याचा मार जबर असतो.