सांडले काय, हे वास घेऊन ओळखू नका

शाळेच्या प्रयोगशाळेत फरशीवर काहीतरी सांडले आहे. बाटलीवरची चिठ्ठी केव्हाच निघाली आहे. "बघ रे, कसला वास येतोय" म्हणत मुले वाकतात, कुणी बोट लावून पाहते. नर्सिंग करताना आम्ही पहिला धडा हाच शिकलो: अनोळखी रसायन नाक, बोट, जीभ यांनी ओळखायचे नसते.

डोळेही फसतात. सल्फ्युरिक ॲसिड, कॉस्टिक सोड्याचे द्रावण आणि साधे पाणी दिसायला सारखेच. नायट्रिक ॲसिडने कातडी पिवळी पडते, पण ते दिसेपर्यंत ती भाजलेली असते.

मग ओळखायचे कसे? आधी मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. त्या तासाला कोणता प्रयोग होता, बाटली कुठल्या कपाटातली, नोंदवहीत काय लिहिले आहे, हे शिक्षकांनी पाहावे. हातमोजे आणि चष्मा घालून काचेच्या कांडीने एक थेंब लिटमस कागदावर लावावा. निळा कागद लाल झाला तर आम्ल, लाल कागद निळा झाला तर आम्लारी. रंग बदलला नाही म्हणजे धोका टळला, असे नाही. स्पिरिटने लिटमस बदलत नाही, पण ते भडकन पेट घेते. ओळख पटत नसेल तर ते घातकच समजावे.

त्यावर ओले फडके फिरवू नये, कोरडी वाळू टाकावी. ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको; ॲसिडशी मिळून त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर भिजलेले कपडे काढून किमान २० मिनिटे भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. हळद, टूथपेस्ट, सोडा लावू नका. पोटात गेले तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा. बाटलीचा फोटो डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. सांडलेले पुसायला कुणाला पुढे करतात? सफाईच्या मावशींना, की वस्तीतल्या मुलाला? हातमोजे नसताना हे काम कुणीच करू नये, मुलांनी तर कधीच नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत आपण तीन गोष्टी विचारू: प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी आहे का? हातमोजे, चष्मे आणि वाळूची बादली आहे का? प्रयोगशाळेतल्या नळाला पाणी येते का?