विभक्त कोरिया : एक समाज, दोन राज्यव्यवस्था

राज्यपद्धतीचा समाजजीवनावर नेमका किती परिणाम होतो, हा राज्यशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. कोणत्याही दोन देशांची तुलना करू लागले की भाषा, धर्म, हवामान, इतिहास अशा अनेक गोष्टी एकदम भिन्न आढळतात; मग कोणत्या कारणाचा कोणता परिणाम, हे वेगळे काढणे दुरापास्त होते. कोरियाच्या बाबतीत ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते. १३९२ पासून १९१० पर्यंत एकाच राजघराण्याखाली नांदलेला, राजा सेजोंगने १४४६ मध्ये प्रसृत केलेली एकच लिपी वापरणारा आणि १९१० ते १९४५ ह्या काळात एकाच परसत्तेचे जू वाहिलेला हा समाज १९४५ साली दुभंगला. आज दक्षिणेत पाच कोटींहून अधिक आणि उत्तरेत सुमारे अडीच कोटी कोरियन लोक राहतात. दक्षिणेच्या मध्यवर्ती बँकेच्या अंदाजानुसार दक्षिणेचे दरडोई उत्पन्न उत्तरेच्या जवळजवळ तीसपट आहे.

ह्या तफावतीवरून 'मुक्त बाजारपेठ तारते आणि सरकारी नियंत्रण मारते' असा सरळ निष्कर्ष काढण्याचा प्रघात आहे. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नसला, तरी तो अपुरा आहे. उपलब्ध इतिहास त्याहून अधिक काही सांगतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. विभागणी व तिचा वारसा

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानची शरणागती दृष्टिपथात आली तेव्हा सोव्हिएत सेना कोरियात शिरू लागली होती. १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये दोघा अमेरिकी कर्नलांना दोन्ही सेनांच्या ताब्यातील प्रदेशांची सीमा सुचविण्याचे काम सांगण्यात आले. त्यांपैकी डीन रस्क हे पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. राजधानी सोल आपल्या बाजूस राहावी म्हणून त्यांनी ३८ वे उत्तर अक्षवृत्त निवडले. ही रेषा नदी, डोंगर, बोली वा जुनी प्रांतरचना ह्यांपैकी कशालाही अनुसरत नव्हती. तुलनेच्या दृष्टीने तिचे महत्त्व आहे ते ह्याचमुळे.

दोन्ही भागांची शिदोरी मात्र सारखी नव्हती. जपानी अमदानीत उभारलेले अवजड उद्योग, खाणी, यालू नदीवरील सुइहो धरणाची वीज आणि हुंगनामचा प्रचंड खतकारखाना हे सर्व उत्तरेच्या वाट्याला आले. दक्षिणेकडे भातशेती, दाट लोकवस्ती आणि हलके उद्योग राहिले. १४ मे १९४८ रोजी उत्तरेने वीजपुरवठा तोडला तेव्हा दक्षिणेतील गिरण्या बंद पडण्याची पाळी आली. आरंभीचा लाभ उत्तरेच्या पदरी होता, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवी.

संपूर्ण देशात निवडणुका घडवून आणण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन होते, परंतु आयोगाला उत्तरेत प्रवेश मिळाला नाही. १९४८ च्या १५ ऑगस्टला दक्षिणेत सिंगमन री ह्यांच्या नेतृत्वाखाली आणि ९ सप्टेंबरला उत्तरेत किम इल-सुंग ह्यांच्या नेतृत्वाखाली अशी दोन राज्ये स्थापन झाली. संपूर्ण कोरियाचे आपणच खरे शासन आहोत, असा दोघांचाही दावा होता. २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या आक्रमणाने सुरू झालेल्या युद्धात लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली, आणि २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. शांततेचा तह आजवर झालेला नाही. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न ज्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे सोपविला गेला, त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते; आणि कैद्यांचा सांभाळ करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडील जनरल थोरात.

२. आरंभीची साम्यस्थळे

युद्धानंतरच्या काळात ही दोन राज्ये वरवर समजली जाते तितकी परस्परविरोधी नव्हती. जमीनदारी दोघांनीही मोडली. उत्तरेने मार्च १९४६ च्या कायद्याने जमिनी काढून घेऊन कुळांना फुकट वाटल्या. दक्षिणेत १९४९ च्या कायद्याने सुमारे तीन हेक्टरांची कमाल मर्यादा घातली गेली, आणि कुळाने एका वर्षाच्या पिकाच्या दीडपट मोबदला पाच वर्षांत फेडावा असे ठरले. पुढे वाटा भिन्न झाल्या. उत्तरेने १९५८ पर्यंत सर्व शेती सामूहिक केली. दक्षिणेत शेतकरी जमिनीचा मालक राहिला, आणि त्याची मुले शाळेत गेली.

दोन्हीकडील राज्यकर्ते हुकूमशहाच होते. १९६१ च्या मे महिन्यात लष्करी उठावाने सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही ह्यांनी बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या, १९६२ पासून पंचवार्षिक योजना राबविल्या आणि १९७२ मध्ये राज्यघटना बदलून तहहयात सत्तेची तरतूद करून घेतली. कोणत्या उद्योगाला किती कर्ज मिळावे, हे सरकार ठरवीत असे. अशा व्यवस्थेला 'मुक्त बाजारपेठ' म्हणणे शब्दांची ओढाताण केल्यावाचून शक्य नाही. उलट उत्तरेने सोव्हिएत गट व चीन ह्यांच्या साहाय्याने बेचिराख झालेली शहरे झपाट्याने उभारली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दरडोई उत्पन्नात उत्तर मागे नव्हती, किंबहुना पुढेच होती, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. नियंत्रण दोन्हीकडे होते. आरंभीची प्रगतीही दोन्हीकडे होती. मग फरक पडला तो कोठे?

३. चूक कळण्याची सोय

दक्षिणेतील सरकारी कर्जाला एक अट जोडलेली होती, ती निर्यातीची. ठरलेला माल परदेशी विकून दाखविल्याखेरीज पुढचे स्वस्त कर्ज मिळत नसे. १९६४ मध्ये दक्षिणेची वार्षिक निर्यात १० कोटी डॉलरच्या घरात होती; १९७७ मध्ये ती १,००० कोटी डॉलरवर गेली. ह्यास अमेरिकेचे साहाय्य, जपानशी १९६५ मध्ये झालेल्या कराराने मिळालेला निधी आणि व्हिएतनाम युद्धातील कमाई ह्यांचाही हातभार लागला. तथापि परदेशी गिऱ्हाइकावर सोलच्या सरकारची हुकमत चालत नव्हती, हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. माल वाईट निघाला तर तो परत येई, आणि चूक कोणाची हे लपविता येत नसे. हुकूमशाहीच्या आतच बाहेरून येणारी ही एक कसोटी होती.

उत्तरेत अशी कसोटी उरली नाही. १९६१ पासून कारखान्यांचा कारभार पक्षसमितीच्या हाती गेला. ठरविलेला आकडा गाठल्याचे कळविणे ही पक्षनिष्ठेची खूण झाली, आणि मग आकडा गाठला गेला की केवळ कळविला गेला, हे वरच्यांनाही समजेनासे झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर उत्तरेने अर्थविषयक आकडेवारी प्रसिद्ध करणेच जवळजवळ थांबविले. १९७० च्या दशकात पाश्चात्त्य देशांकडून कर्जाने यंत्रसामग्री आणली गेली. थोड्याच वर्षांत ती कर्जे थकली. 'जूचे' म्हणजे स्वावलंबन, हे राष्ट्राचे तत्त्वज्ञान म्हणून १९७२ च्या घटनेत नमूद झाले. प्रत्यक्षात शेतीची खते, पंपांची वीज आणि वाहनांचे तेल ही सर्व साखळी सोव्हिएत सवलतींवर अवलंबून होती.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि ही साखळी तुटली. तेल नाही म्हणून खत नाही, वीज नाही म्हणून पाणी नाही, अशी अवस्था झाली. त्यात १९९५ व १९९६ चे महापूर आले. ज्या शिधावाटपावर नागरी लोकसंख्या जगत होती ते ईशान्येकडील प्रांतांत आधी बंद पडले. ह्या दुष्काळातील बळींचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांपलीकडे जातात. अंदाजांत एवढे अंतर असावे, हाच त्या राज्यपद्धतीवरील एक अभिप्राय आहे. जेथे निवडणुका व वृत्तपत्रे स्वतंत्र असतात तेथे मोठा दुष्काळ पडत नाही, हा अमर्त्य सेन ह्यांचा सिद्धान्त सुप्रसिद्ध आहे. उपाशी माणसाची हाक वरपर्यंत पोचविणारी एकही वाट उत्तरेत उरलेली नव्हती.

लोकांनी आपली वाट आपणच काढली. विवाहित स्त्रियांवर सरकारी कामावर हजर राहण्याची सक्ती कमी होती. त्यांनी रस्त्याच्या कडेला धान्य, कापड, भाजी विकावयास आरंभ केला. त्यातून उभे राहिलेले 'जांगमादांग' नावाचे बाजार हा उत्तरेतील सामान्य कुटुंबाचा आधार बनला. सरकारने २००२ मध्ये त्यास काहीशी मान्यता दिली; परंतु नोव्हेंबर २००९ मध्ये शंभर जुन्या नाण्यांस एक नवे नाणे असे चलन बदलून, आणि बदलावयाच्या रकमेवर मर्यादा घालून, लोकांची शिल्लक एका फटक्यात नाहीशी केली. भाव भडकले, टंचाई वाढली आणि काही महिन्यांतच बाजारांना पुन्हा मोकळीक द्यावी लागली.

४. दक्षिणेची किंमत

दक्षिणेतील प्रगतीची किंमत तेथील श्रमिकांनी मोजली. १९७० मध्ये सोलच्या शिवणकाम-बाजारातील चोन थे-इल ह्या बावीस वर्षांच्या कामगाराने कामगारकायद्याच्या अंमलबजावणीसाठी आत्मदहन केले. १९८० च्या मे महिन्यात ग्वांगजू शहरातील लोकशाहीवादी उठाव लष्कराने रक्तपात करून चिरडला. परंतु हे मृत्यू विस्मरणात गेले नाहीत. चर्च, विद्यार्थी, कामगारसंघ आणि वृत्तपत्रे ह्यांनी त्यांची आठवण जागती ठेवली, आणि जून १९८७ मधील देशव्यापी निदर्शनांनी अध्यक्षाच्या प्रत्यक्ष निवडणुकीचा हक्क मिळविला. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन सोक-योल ह्यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा काही तासांतच विधिमंडळाने १९० विरुद्ध शून्य मतांनी तो उठविण्याची मागणी केली. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना-न्यायालयाने युन ह्यांना पदच्युत केले.

तथापि चूक दुरुस्त करण्याचे साधन हाती असणे म्हणजे ती दुरुस्त झाली असे नव्हे. मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटलेले उद्योगसमूह, परीक्षांच्या दडपणाखाली वाढणारी मुले, वृद्धांचे दारिद्र्य आणि आत्महत्यांचे मोठे प्रमाण हे दक्षिणेचे दुखणे आहे. २०२३ मध्ये तेथील एकूण जननदर दर स्त्रीमागे ०.७२ इतका खाली आला. जी पिढी सुबत्तेत जन्मली ती अपत्य जन्मास घालण्यास कचरते, ह्या गोष्टीचा उलगडा उत्पन्नाच्या कोष्टकातून होत नाही.

५. भाषा व नाते

ऐंशी वर्षांच्या ताटातुटीचा परिणाम भाषेवरही झाला आहे. दक्षिण लिपीला 'हांगुल' म्हणते, उत्तर 'चोसोनगुल'. दक्षिण लिपिदिन ९ ऑक्टोबरला पाळते, उत्तर १५ जानेवारीला. दक्षिणेच्या बोलण्यात इंग्रजी शब्दांचा भरणा आहे. उत्तरेने १९६६ पासून प्याँगयाँगच्या बोलीवर आधारलेली 'संस्कृत' भाषा प्रमाण मानली, आणि जानेवारी २०२३ मध्ये दक्षिणी धाटणीने बोलणे कायद्याने दंडनीय ठरविले. दोन्हीकडील कोशकार २००५ पासून एका संयुक्त शब्दकोशाचे काम हाती घेऊन बसले होते; राजकीय तणावामुळे ते वारंवार खंडित झाले. १९४५ मध्ये ज्या गोष्टी समान म्हणून आपण गृहीत धरल्या, त्या आता स्वतःच राज्यपद्धतीचे परिणाम बनत चालल्या आहेत.

विभक्त कुटुंबांची पहिली भेट १९८५ मध्ये झाली. २००० च्या शिखरपरिषदेनंतर अशा भेटी अधूनमधून होऊ लागल्या. शेवटची ऑगस्ट २०१८ मध्ये कुमगांग पर्वतावर झाली. दक्षिणेत १९८८ पासून एक लाख तीस हजारांहून अधिक लोकांनी नातलगांच्या भेटीसाठी नावे नोंदविली. त्यांपैकी बहुसंख्य आता हयात नाहीत. २०२३ च्या अखेरीस किम जाँग-उन ह्यांनी एकीकरणाचे ध्येयच सोडून दिले आणि दक्षिणेस शत्रुराष्ट्र म्हणून संबोधिले.

वरील विवेचनावरून असे म्हणावयास हरकत नाही की, दोन कोरियांतील अंतर शासनाने किती हस्तक्षेप केला ह्यावरून फारसे उलगडत नाही. एके ठिकाणी चूक कळण्याच्या, बोलून दाखविण्याच्या आणि शासनास ती मान्य करावयास लावण्याच्या वाटा आधी बाजारपेठेतून व मग लोकलढ्यांतून खुल्या होत गेल्या. दुसऱ्या ठिकाणी त्या एकेक करून बुजविल्या गेल्या. ही तुलना आजवर शक्य झाली ती दोन्ही बाजूंना एकमेकांस ओळखणारी माणसे जिवंत होती म्हणून. ती पिढी आता सरत आली आहे. तिच्यामागून येणाऱ्या कोरियन अभ्यासकाला हा एका समाजाचा इतिहास म्हणून लिहावा लागेल की दोन परक्या राष्ट्रांचा, हे अद्याप ठरावयाचे आहे.