यंत्राला काटा दिसत नाही

रेशनचं धान्य काळ्या बाजारात जातं ते खोट्या नावांवर, असं गृहीत धरून झारखंडमध्ये दुकानांत अंगठा घेणारी यंत्रं बसवली गेली. कुठल्या प्रखंडात ती आधी येणार हे सोडतीने ठरलं, म्हणून अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांना नीट तुलना करता आली. नुसत्या अंगठ्याने गळती घटली नाही. उलट ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं, त्यांच्या पदरात सरासरी 10 टक्के कमी पडलं. गळती न घटण्याचं कारण साधं आहे. माणूस खरा, कार्ड खरं, अंगठाही जुळतो आणि 35 किलोंच्या जागी 32 मापले जातात.

मग यंत्रं फेकून द्यायची? मुळीच नाही. आंध्रात याच अभ्यासकांना स्मार्टकार्डांमुळे रोजगार हमीच्या मजुरीतली गळती 41 टक्क्यांनी घटलेली दिसली. पण तिथे पैसे हातात देणारा माणूसच बदलला होता, आणि कार्ड नसलेल्यांची मजुरीही सरसकट अडवली नव्हती. झारखंडनेही पुढे यंत्रातल्या नोंदी पाहून दुकानदारांचा नवा साठा कापला. गळती कमी झाली खरी, पण भुर्दंडाचा काही भाग कार्डधारकांनाही बसला (दुकानदार तो सगळा स्वतः कशाला सोसेल?), आणि ओरड वाढल्यावर सरकारला ती कपात थांबवावी लागली.