अपडेट फेल झालं, म्हणून फॉरमॅट मारायचं?

९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ या क्रमांकाचं एक अपडेट सोडलं. असंख्य कॉम्प्युटरांवर ते उतरायचं, थोडं पुढे सरकायचं आणि अडायचं. खाली एकच आकडा: शून्य एक्स ८००७०६४३. लोकांनी ‘रीट्राय’ दाबून पाहिलं, अँटिव्हायरस काढून पाहिला, नेट बदललं, सी ड्राइव्हवरचे सिनेमे उडवले. आकडा काही हलेना.

कारण भलतीकडेच होतं. आपल्या हार्ड डिस्कवर सी आणि डी याखेरीज एक छोटा कप्पा असतो, तो ‘धिस पीसी’ उघडल्यावर दिसत नाही. त्याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. विंडोज सुरूच होईनाशी झाली की निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’चे पर्याय येतात, ते या कप्प्यातून. त्यात एक सुरक्षेची फट सापडली होती. लॅपटॉप प्रत्यक्ष ज्याच्या हातात पडेल, तो ती वापरून बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं, कुलूप चुकवू शकत होता. ती बुजवायला त्या कप्प्यात २५० एमबी जागा मोकळी हवी होती आणि बऱ्याच जुन्या मशीनांवर तेवढी नव्हती. सी ड्राइव्हवर ३०० जीबी रिकामे असले तरी त्याचा उपयोग शून्य. शेजारच्या फ्लॅटमधली खोली रिकामी आहे म्हणून आपल्या पाहुण्यांची सोय होत नाही, तसंच.

गंमत पुढेच आहे. पडद्यावरचा आकडाच चुकीचा होता, हे मायक्रोसॉफ्टनेच मान्य केलं. ‘जागा अपुरी’ असा संदेश यायला हवा होता, त्याऐवजी ‘इन्स्टॉल झालं नाही’ असा मोघम आकडा येत होता. ज्यांच्या मशीनवर हा कप्पाच नव्हता त्यांनाही अपडेट आलं आणि तेही फेल झालं. त्यांना कंपनीने दुर्लक्ष करायला सांगितलं. काही महिन्यांनी तर यावर आपोआप होणारा उपाय येणार नाही, असंही जाहीर झालं. ज्याला हवं त्याने सी ड्राइव्ह २५० एमबीने आक्रसून घ्यायची आणि रिकव्हरीचा कप्पा पुसून, वाढवून पुन्हा बांधायचा. तेही कमांड टाइप करून. घरगुती वापरणाऱ्याकडून ही अपेक्षा करणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

हा किस्सा एवढ्या विस्ताराने सांगितला, कारण अपडेटबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज त्यात उघडा पडतो. एरर कोड म्हणजे निदान, असं आपण धरून चालतो. कोड फक्त कुठे अडलं ते सांगतो, कधीकधी तेही धड नाही. तरी तो वाचता येतो. सुरुवातीला ८००७ असेल, तर शेवटचे चार आकडे म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या चुकांच्या यादीतला क्रमांक असतो, फक्त सोळाच्या मोजणीत (हेक्साडेसिमल) लिहिलेला. ००७० म्हणजे ११२, डिस्क भरली. ००२० म्हणजे ३२, हवी ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवली आहे. अशा वेळी बाहेरचा अँटिव्हायरस तात्पुरता काढून बघण्यात अर्थ आहे. ०६४३ म्हणजे १६०३, आणि त्याचा अर्थ ‘इन्स्टॉल करताना काहीतरी मोठं बिनसलं’ एवढाच. डॉट नेटच्या अपडेटलाही हाच आकडा येतो, डिफेंडरच्याही. म्हणून नुसता कोड गूगलवर टाकून पहिला व्हिडिओ बघू नका. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली ‘अपडेट हिस्ट्री’ असते, तिथून केबी क्रमांक घ्या आणि दोन्ही मिळून शोधा. मायक्रोसॉफ्ट आपल्या अपडेटमधले माहीत असलेले दोष स्वतःच्या साइटवर लिहिते. तुमची अडचण त्या यादीत असेल तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

‘मी रोज रात्री कॉम्प्युटर बंद करतो, म्हणजे तो रोज नव्याने सुरू होतो.’ हे विंडोज ७ पर्यंत खरं होतं. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर शट डाऊन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात होते ती रीस्टार्टने. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर क्लिक केलंत की खाली ‘अप टाइम’ दिसतो. रोज बंद होणाऱ्या मशीनवर तिथे पंधरा-वीस दिवस दिसले तर चकित होऊ नका. आधीचं एखादं अपडेट रीस्टार्टची वाट बघत बसलेलं असेल तर पुढचं अडणारच. दुरुस्तीची पहिली पायरी रीस्टार्ट, हे चेष्टेने म्हटलं जातं. इथे ते शब्दशः खरं आहे.

जुन्या डेस्कटॉपवाल्यांनी घड्याळाकडे बघावं. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा, नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. तो उतरला की लाइट गेल्यावर किंवा मेन स्विच बंद केल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. अपडेटचा सर्व्हर आपली ओळख प्रमाणपत्र दाखवून पटवतो आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमच्या मशीनच्या लेखी आज २०१५ साल चालू असेल, तर ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. जोडणी नाकारली जाते आणि शून्य एक्स ८००७२एफ८एफ असा कोड येतो. लोक नेटवाल्याला फोन करतात. खरं तर सेल बदलायचा असतो, आणि तो कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळतो.

नेटवाल्याचा दोष नसण्याचं आणखी एक कारण मोबाइलच्या हॉटस्पॉटमध्ये सापडतं. ते कनेक्शन ‘मीटर्ड’ म्हणून नोंदलेलं असेल तर विंडोज बरीच अपडेटं मुद्दाम उतरवत नाही. तो बिघाड नव्हे, तुमच्या डेटापॅकची काळजी आहे.

जागेबद्दल बोलायचं तर, सी ड्राइव्ह लाल झाली की काहीजण विंडोजच्या फोल्डरमध्ये शिरून सगळ्यात मोठं काय ते शोधतात. त्यांना ‘विनएसएक्सएस’ सापडतं, दहा-बारा जीबीचं, आणि हात शिवशिवतात. त्याला हात लावू नका. तिथल्या पुष्कळ फाइली सिस्टमच्या इतर फोल्डरांतही दिसतात, पण डिस्कवर त्या एकदाच असतात. त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. शिवाय अपडेट बसवण्याचं आणि काढण्याचं सगळं सामान तिथेच असतं. ते उडवलंत तर पुढचं एकही अपडेट नीट बसणार नाही. जागा करायची तर ‘डिस्क क्लीनअप’मधून ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ निवडा, ते काम विंडोज स्वतः जपून करते. ३२ जीबी साठवण असलेले स्वस्त लॅपटॉप एकेकाळी खूप खपले. त्यांवर वर्षाचं मोठं अपडेट बसवायला पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क जोडावी लागते, आणि यात वापरणाऱ्याचा काही दोष नाही.

‘तीन महिने अपडेट झालं नाही, आता एकेक करून सगळी टाकावी लागतील.’ नाही. विंडोज १० आणि ११ ची दरमहाची अपडेटं साठत जाणारी असतात. ताज्यात मागच्यांचा समावेश असतो. एखाद्या महिन्याचं अडून बसलं तर पुढचं सरळ बसू शकतं. ही अपडेटं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे त्या रात्री साडेदहा किंवा साडेअकराच्या सुमारास.

आता अपडेट बंदच करून टाकणाऱ्यांबद्दल. त्यांची भीती निराधार नाही. ऑक्टोबर २०१८ मधल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काहींच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फाइली खरोखरच पुसल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांत थांबवावं लागलं. पण १९ जुलै २०२४ चा निळा पडदा मात्र विंडोज अपडेटच्या खात्यावर चुकीने मांडला जातो. त्या दिवशी सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आपल्याकडच्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ती चूक क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी पाठवलेल्या सदोष फाइलची होती. घरच्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर सहसा नसतंच.

उलट बाजूचा हिशेब असा. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एक फट बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच फटीतून शिरला. मधे जवळपास दोन महिने होते. जूनच्या अखेरीस नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, त्यात मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. त्यानेही पसरायला इतर मार्गांसोबत ती फट वापरली. (तो युक्रेनमध्ये शिरला मात्र एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, हेही नमूद करायला हवं.) भीती वाटत असेल तर अपडेट पाच आठवड्यांपर्यंत ‘पॉज’ करता येतं. आठवडाभर थांबणं शहाणपणाचं, कायमचं बंद करणं नव्हे.

टक्केवारी तासभर ३० वर अडकली की पॉवरचं बटण दाबून धरायचा मोह होतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तासभर काहीच नाही. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, थांबा. लाइट गेलीच तर घाबरू नका. बहुतेक वेळा विंडोज पुढच्या खेपेला ‘बदल मागे घेत आहे’ असं सांगून आधीच्या स्थितीला येते. चार तासांनंतरही दिवा निपचित असेल, तरच बटणाचा विचार करा.

एवढं करूनही अपडेट बसत नसेल तर दुरुस्तीचा क्रम असतो आणि तो बरेचदा उलटा सांगितला जातो. आधी विंडोज अपडेट आणि बिट्स या दोन सर्व्हिसेस थांबवून ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ फोल्डरचं नाव बदला. त्यात अपडेटचा अर्धवट उतरलेला माल असतो, तुमची एकही फाइल नसते. विंडोज ते फोल्डर नव्याने बनवते. मग अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डीआयएसएमची ‘रिस्टोर हेल्थ’ चालवा, आणि नंतर एसएफसी. एसएफसी बिघडलेल्या फाइलींच्या जागी कोठारातल्या, म्हणजे त्याच विनएसएक्सएसमधल्या, चांगल्या प्रती ठेवते. कोठारच नासलेलं असेल तर ती काय ठेवणार? डीआयएसएम ते कोठार आधी साफ करते. ती बरेचदा ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थबकते, तेव्हा खिडकी बंद करू नका.

त्यानंतरही शेवटचा उपाय फॉरमॅट नाही. विंडोजच्या आतूनच विंडोज पुन्हा बसवता येते, फाइली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी ठेवून. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी या वाटेने गेलात की ‘रीइन्स्टॉल नाऊ’ हे बटण आहे. विंडोज १० साठी मीडिया क्रिएशन टूल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मोफत मिळतं. दुकानात मात्र ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य आधी येतं, कारण दुकानदाराला ते सोपं जातं. टॅलीचा डेटा, श्रीलिपीचे फॉन्ट, डिजिटल सिग्नेचरचा ड्रायव्हर आणि प्रिंटरची जुळवाजुळव यांत जाणारे पुढचे दोन दिवस तुमचे असतात.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्या योजनेत नाव न घातलेल्या मशीनवर नवं अपडेट दिसत नसेल तर काही बिघडलेलं नाही, अपडेट येणंच थांबलं आहे. आणखी एक सावधगिरी: पडद्यावर एररसोबत फोन नंबर आला, तर तो मायक्रोसॉफ्टचा नसतो; त्यांच्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो.

आणि कुणालाही मशीन उघडू देण्याआधी एक काम आजच करा. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की आहे का ते बघा आणि असली तर वहीत उतरवून ठेवा. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कुलूप न विचारता लागलेलं असतं, आणि ती की हरवली तर आतला डेटा मायक्रोसॉफ्टलाही काढून देता येत नाही.