समरकंद-बुखारा पाहूं इच्छिणाऱ्या अभ्यासकांस कांहीं सूचना

समरकंद आणि बुखारा हीं नांवें मोगलांच्या इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाहींत. अंदिजान येथें इ. स. १४८३ त जन्मलेल्या बाबरानें समरकंद तीनदां घेतलें, परंतु तें त्याच्या हातीं टिकलें नाहीं. हीं तिन्ही स्थळें आज उझबेकिस्तानांत मोडतात. तेथें जाणाऱ्यानें काय पहावें व कसें वागावें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

तेथील उन्हाळा फार कडक असतो. सबब एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सोईचे. ताश्कंदहून समरकंदमार्गें बुखाऱ्यापर्यंत आगगाडी जाते.

इमारती पाहतांना मात्र सावध असावें. तैमूरानें १३९९ त आरंभिलेली बीबी खानमची मशीद पुढें ढासळत गेली व १८९७ च्या भूकंपांत तिची आणखी हानि झाली. आज दिसते ती बव्हंशीं विसाव्या शतकांतील पुनर्बांधणी होय. तेथील प्रत्येक निळी फरशी तैमूरकालीन समजणें म्हणजे नकलेस अस्सल मानणें होय. उलट उलुघ बेगच्या वेधशाळेच्या महायंत्राचा भुईखालचा कंसाकृति भाग अस्सल आहे. व्यात्किन या संशोधकानें एका वक्फनाम्याच्या आधारें १९०८ त ती जागा शोधून काढली. जयपूरच्या सवाई जयसिंगानें आपलीं कोष्टकें रचतांना याच उलुघ बेगच्या कोष्टकांचा आधार घेतला होता.

आतां आतिथ्याविषयीं. भेटींत उजवा हात छातीवर ठेवून किंचित् लवावें. घरांत शिरतांना पादत्राणें काढावीं; दारापासून सर्वांत दूरची जागा मानाची, ती यजमानानें सांगितल्यावांचून घेऊं नये. तंदुरांत भाजलेली गोल रोटी, 'नोन', हातानेंच मोडतात. ती पालथी ठेवणें वा टाकणें अनादर समजतात. चहा प्रथम पेल्यांत ओतून पुन्हां किटलींत परततात, असें तीन वेळां करितात. पेला अर्धाच भरला म्हणून यजमानास कृपण समजूं नये. पुनः पुन्हां भरून देण्यांतच आदर आहे. कबरस्थानीं व प्रार्थनास्थळीं छायाचित्र घेण्यापूर्वीं परवानगी विचारावी.

हे रिवाज जसे दिसले तसे लिहून ठेवावे. पण यजमान सांगतो तेवढ्यावरून त्यांस तैमूरकालीन ठरवूं नये. पाहिलेलें, ऐकलेलें व कागदांत सांपडलेलें हीं तीन निरनिराळीं टिपावीं. एवढी दक्षता घेतल्यास प्रवासाची टिपणवही पुढील अभ्यासकांस साधन म्हणून उपयोगी पडेल.