आधी मेजर टेप, मग पाना

हिरोची एक्सपल्स २०० बाजारात आली २०१९ साली. पुढच्या चाकाला वर-खाली व्हायला १९० मिलिमीटर जागा, मागच्याला १७०. कच्च्या वाटांसाठी हा हिशेब चांगलाच. पण काही पावसाळे आणि बरेच दगडधोंडे खाल्लेली अशी गाडी उतारावर ब्रेक मारताच नाक खुपसू लागते, दगडावर मनगटं बधिर करते, आणि मालक जाहीर करतो, "शॉकअप गेले, नवीन टाकू." त्याआधी एक रविवार आणि एक मेजर टेप खर्च करून पाहा.

शॉकअपमध्ये दोन गडी राबतात. स्प्रिंग वजन पेलते आणि तेल स्प्रिंगची उसळी आवरते. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या माथी मारलं की पैसे वाया जातात.

सुरुवात झिजेपासून करा. पुढचं चाक जमिनीवरून उचला, फोर्कचे पाय खालून धरून पुढे-मागे हलवा. कटकट लागली तर कोनसेट सैल आहे किंवा फोर्कच्या आतले बुश झिजलेत. मागचं चाक आडवं हलवून चिमट्याचे बुश तपासा. मग फोर्कचं तेल काढा. जुनं तेल राखाडी निघतं, त्यात धातूची बारीक चमक दिसते. तेल आणि ऑइल सील बदलून जोडताना ॲक्सल शेवटचा आवळण्याआधी फोर्क चार-पाच वेळा दाबून घ्या. दोन्ही पाय आपोआप समांतर येतात, नाहीतर एकमेकांना घासत राहतात. एवढ्यानेच पुष्कळ गाड्या सुधारतात.

आता टेप. मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून त्याच्या सरळ वर बॉडीवर केलेल्या खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी चाकांवर उभी करून मोजा. शेवटी हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग यांसकट तुम्ही बसा, एकाला गाडी धरायला सांगा आणि दुसऱ्याकडून माप घ्या. पहिल्या मापातून तिसरं वजा केलं की तुमच्या वजनाने गाडी किती बसते ते कळतं. हे बसणं एकूण जागेच्या तीस टक्क्यांच्या आसपास हवं, म्हणजे मागे साधारण ५० मिलिमीटर. पुढेही याच रीतीने मोजा. तिथे ५५ ते ६० चालेल.

आकडा जुळत नसेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, बदला. मागे त्यासाठी दहा खाचा आहेत. फोर्कला ॲडजस्टर नसेल तर कॅपखालच्या स्पेसरची लांबी बदलावी लागते. कॅप खोलताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग ती उडवते. मात्र एक गैरसमज सोडा: प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची उंची फक्त बदलते.

स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे का, हे पहिलं माप वजा दुसरं सांगतं. तुम्ही बसल्यावरचा आकडा बरोबर आहे, पण रिकामी गाडी जेमतेम पाच मिलिमीटर बसते, तर स्प्रिंग मऊ आहे. ऐकायला उलटं वाटतं. पण मऊ स्प्रिंगने तुम्हाला पेलावं म्हणून तिला आधीच खूप दाबावं लागलं, आणि तुम्ही उतरताच ती गाडीला पार वर ढकलते. रिकामी गाडीच खूप बसत असेल, तर स्प्रिंग कडक. दोन्हीला उपाय एकच: वजनाला साजेशी स्प्रिंग.

स्प्रिंग जमली की तेलाकडे या. साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून पळतं. वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो. म्हणून ब्रेक मारताना, फोर्क सावकाश दबतो तेव्हा, तो ढिला पडतो आणि टोकदार दगडावर काठीसारखा ताठतो. जाड तेल घातलं तर डुबकी कमी होईल, पण दगड आणखी लागेल. कार्ट्रिज इम्युलेटर नावाची स्प्रिंगवाली झडप ही कोंडी फोडते. ती बसवताना जुनी भोकं मोठी करतात, म्हणजे दबतानाचं नियंत्रण झडपेकडे येतं. जोराचा धक्का आला की ती उघडून तेलाला वाट देते. उसळी आवरण्याचं काम मात्र तेलाच्या जाडीकडेच राहतं.

फोर्क शेवटी ठोकत असेल तर तेलाची पातळी पाच-दहा मिलिमीटर वाढवून पाहा. वरची हवा कमी झाली की शेवटचा टप्पा घट्ट होतो. ही पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून मोजतात. मागच्या शॉकमध्ये दाबाखालचा वायू असू शकतो, तो घरी उघडू नका.

शेवटी फोर्कच्या नळीवर एक केबल टाय बांधा आणि रोजच्या वाटेने जा. टाय किती सरकला, तेवढी जागा वापरली गेली. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन बदलल्या, तर गाडी कशाने सुधारली हे टायही सांगणार नाही.